हत्तींमधील हर्पिस रोग आणि कळपातील सामाजिक बदल

मुख्यतः माणसाच्या ताब्यातील आशियाई हत्तींच्या पिल्लांना होणारा, बहुधा प्राणघातक ठरणारा रक्तस्रावी रोग. ‘एलिफंट एंडोथेलिओट्रॉपिक हर्पिसव्हायरस’ (संक्षेपाने ईईएचव्ही) या विषाणूंमुळे तो होतो. हे विषाणू केशवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशी नष्ट करतात. त्यामुळे रक्त व द्रव आसपासच्या ऊतकांत झिरपतात, डोके व सोंड सुजते, जीभ निळसर पडते आणि हृदयाच्या स्नायूंत रक्तस्राव होऊन पिल्लू काही दिवसांत, कधी एका दिवसातच, दगावते. साधारणतः एक ते आठ वर्षे वयाच्या पिल्लांना सर्वाधिक धोका असतो.

वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात १९९५ मध्ये कुमारी नावाचे सोळा महिन्यांचे पिल्लू मरण पावल्यावर या रोगाचा उलगडा सुरू झाला. १९९९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचे वर्णन आले, तेव्हा आफ्रिकी हत्तींच्या शेजारी ठेवल्यामुळे आशियाई हत्तींना परका विषाणू लागतो, असा तर्क मांडला गेला होता. तो टिकला नाही. आशियाई पिल्लांचे सर्वाधिक बळी घेणारा ईईएचव्ही-१ हा विषाणू मुळात आशियाई हत्तींचाच असून दक्षिण भारतातील रानटी हत्तींमध्येही या रोगाने झालेले मृत्यू नोंदले गेले आहेत. ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात २०१९ मध्ये याच रोगाने एकापाठोपाठ चार हत्ती दगावले.

म्हणजे विषाणू बाहेरून येण्याची वाट पाहावी लागत नाही. बहुतेक प्रौढ हत्तींच्या शरीरात तो सुप्तावस्थेत आयुष्यभर राहतो आणि मधूनमधून जागा होऊन, प्रौढाला विशेष त्रास न देता, सोंडेतील स्रावातून बाहेर पडतो. हत्तींची ओळख, सांत्वन आणि जवळीक सोंडेनेच व्यक्त होत असल्यामुळे जिव्हाळ्याचा मार्ग आणि संसर्गाचा मार्ग एकच ठरतो. नवा हत्ती आणणे, जुना हलवणे, कळपातील थोरली हत्तीण मरणे, नर वेगळा काढणे, पिल्लू जन्मणे किंवा आईपासून तोडले जाणे, अशा घटनांनी कळपातील मानमरातबाची घडी विस्कटते. त्या ताणामुळे प्रतिकारशक्ती मंदावून सुप्त विषाणू पुन्हा सक्रिय होऊ शकतो. मात्र हा संबंध सरळ रेषेतला नाही : प्रत्येक स्थलांतरानंतर विषाणूचे उत्सर्जन वाढतेच असे नाही, आणि शांत दिसणाऱ्या कळपातही ते आढळते.

पिल्लाच्या बाजूने पाहिल्यास चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. जन्मतः त्याला आईकडून प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला रोखणारी प्रथिने, मिळतात आणि ती हळूहळू ओसरतात. या कवचाखाली असतानाच विषाणूशी गाठ पडली तर पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती तयार होत असावी, असे मानले जाते. या रोगाने मेलेल्या अनेक पिल्लांमध्ये संबंधित विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे जवळजवळ नव्हती, ही गोष्ट त्याला पुष्टी देते. आया, मावश्या आणि वेगवेगळ्या वयांची भावंडे असलेल्या मोठ्या कळपात अशी गाठ लवकर व वारंवार पडण्याची शक्यता असते, तर दोन-चार हत्तींच्या कृत्रिम कळपात ती लांबू शकते. अशा वेळी विषाणूचा वेगळा प्रकार वाहणारा पाहुणा आला, तर पिल्लू उघडे सापडते. म्हणून केवळ हत्ती वेगळे ठेवून हा प्रश्न सुटत नाही. एकलकोंडेपणा हाही एक सामाजिक बदलच आहे.

महाराष्ट्रात २०२५ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी मठाची महादेवी ऊर्फ माधुरी ही हत्तीण जामनगरला हलवण्यावरून मोठा वाद झाला, तो श्रद्धा आणि प्राणिकल्याण या दोन मुद्द्यांभोवती फिरला. ती हत्तीण प्रौढ असल्याने तिला स्वतःला या रोगाचा धोका कमी. पण पिल्ले असलेल्या कोणत्याही कळपात हत्ती सोडताना विषाणूचा हिशेब मांडणे आवश्यकच असते.

व्यवहारात त्यासाठी पिल्लांचे रक्त नियमितपणे, शक्यतो दर आठवड्याला, तपासतात. रक्तातील विषाणूचे प्रमाण वाढणे अथवा प्लेटलेट आणि मोनोसाइट या पेशी घटणे हे लक्षणे दिसण्यापूर्वीचे इशारे होत. फॅमसायक्लोव्हिरसारखी विषाणुरोधी औषधे, द्रवपुरवठा आणि निरोगी हत्तीचा प्लाझ्मा देऊन काही पिल्ले वाचतात, पण उपचार लगेच सुरू झाले तरच; आणि सुई टोचताना शांत उभे राहण्याची सवय माहुताने पिल्लाला आधीच लावलेली असावी लागते, त्यामुळे माहूत बदलणे हाही उपचाराच्या दृष्टीने क्षुल्लक बदल नव्हे. २०२४ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन प्राणिसंग्रहालयात एका प्रौढ हत्तिणीला या विषाणूविरुद्धची एमआरएनए लस प्रथमच देण्यात आली.