मूळचं म्हणजे नेमकं कधीचं?

आमच्या समोरच्या घरात एक आजोबा राहतात. वय वर्षं ७९. इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना सरळ नावाने हाक मारतो, पण मनातल्या मनात ते 'काका'च. तरुणपणी ते डेट्रॉइटच्या उत्तरेला पॉन्टियॅक गावी मोटारींच्या कारखान्यात कामाला होते. त्यांच्या गॅरेजात १९६४ सालची पॉन्टियॅक जीटीओ आहे. पुसून झाकून ठेवायची नाही, चालवायची. म्हणजे गुडघ्याचं ऑपरेशन होईपर्यंत तरी चालवायची. त्या गाडीचा क्लच मी एकदा हौसेने दाबून पाहिला होता. व्यायामशाळेत पायाने वजन ढकलावं तसं वाटलं.

ऑपरेशननंतर क्लच संपला. तेव्हा काकांनी ठरवलं, चार गिअरचा मूळचा गिअरबॉक्स काढून ऑटोमॅटिक बसवायचा. आणि गाडी वर उचलणारच आहोत तर पेट्रोलचंही सगळं बदलायचं. इंजिनवरचे तीन कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन येणार. त्यांना पाने देणारा, टॉर्च धरणारा बिनपगारी हेल्पर मी. :-)

काम अर्ध्यावर आलेलं असताना त्यांचा एक जुना मित्र आला. जमिनीवर उतरवून ठेवलेला गिअरबॉक्स बघून म्हणाला, "वाट लावलीस. आता ही मूळची गाडी राहिली नाही." काका काही बोलले नाहीत. पाना पुसत राहिले. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मूळची म्हणजे नेमकी कधीची? हिवाळाभर या गाडीबद्दल मिळेल ते वाचत होतो, त्यातून जे हाती लागलं ते आज लिहितोय.

आधी मसल कार म्हणजे काय ते सांगतो, कारण मावशीचा प्रश्न येणारच. मध्यम आकाराची, दोन दारांची, साध्या घरातल्या पोराला परवडेल अशी गाडी घ्यायची आणि तिच्यात थोरल्या गाडीचं धिप्पाड इंजिन बसवायचं. झाली मसल कार.

१९६३ साली जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या विभागांना रेसिंग बंद करायला लावलं. पॉन्टियॅकचं नाव तर रेसिंगवरच मोठं झालेलं. तिथला मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्याचे सहकारी बिल कॉलिन्स आणि रस गी नव्या टेम्पेस्ट गाडीच्या नमुन्यावर काम करत होते. तिचं इंजिन ३२६ घन इंचांचं. तेव्हा लक्षात आलं, की मोठ्या पॉन्टियॅकचं ३८९ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन बाहेरून त्याच मापाचं आहे. त्याच जागी, त्याच आधारांवर ते सहज बसेल. अडचण एकच. मध्यम गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही असा कंपनीचा नियम होता. पण नियम नव्या मॉडेलला लागू होता, ऑप्शनला नव्हे! मग जीटीओ हे मॉडेल नव्हेच, टेम्पेस्ट ल मान्सवर २९५ डॉलर जादा देऊन घ्यायचं एक पॅकेज आहे, असं दाखवलं. पाच हजार खपतील असा अंदाज होता, पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या.

म्हणजे बघा, या गाडीचा जन्मच मुळी एका गाडीचं इंजिन दुसरीत घालण्यातून झाला. तेही नियमाला बगल देऊन.

पुढची गोष्ट आणखी मजेची. मार्च १९६४ मध्ये 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने मुखपृष्ठावर जीटीओला फेरारीच्या जीटीओसमोर उभं केलं. (प्रत्यक्षात दोन गाड्यांची शर्यत झालीच नाही, चित्र तेवढं होतं.) त्या लेखाने पॉन्टियॅकची कीर्ती झाली. पण पॉन्टियॅकचा जाहिरातवाला जिम वँगर्स याने पुढे अनेक वर्षांनी कबूल केलं, की मासिकाला दिलेल्या त्या गाडीत ३८९ नव्हे, तर गुपचूप ४२१ घन इंचांचं इंजिन होतं. ती गाडी तयार केली होती रॉयल ओक गावच्या रॉयल पॉन्टियॅक या डीलरने. हा डीलर 'बॉबकॅट' नावाचा संच विकायचा. त्यात कार्ब्युरेटरचे वेगळे जेट, सिलिंडर हेडखाली पातळ गॅस्केट, ठिणगीच्या वेळेत बदल असं सगळं असायचं. म्हणजे नवी कोरी गाडी शोरूममधून बाहेर पडतानाच लोक तिचं पेट्रोल आणि प्रज्वलन बदलून घेत होते. जिच्यामुळे दंतकथा झाली ती गाडीसुद्धा 'मूळची' नव्हती.

आता काकांच्या गाडीकडे येतो.

तिच्यावर 'ट्राय-पॉवर' होता. म्हणजे एका ओळीत तीन कार्ब्युरेटर. रोजच्या चालीला मधला एकटा काम करतो, पाय खोल दाबला की बाजूचे दोन उघडतात आणि गाडी अक्षरशः हुंकारते. त्या काळच्या आकड्यांत ३४८ हॉर्सपॉवर. हा आकडा मात्र जपून वाचायला हवा. तेव्हा इंजिन टेबलावर ठेवून, पंखा-सायलेन्सर वगैरे बोजा काढून मोजत. १९७२ पासून अमेरिकेत गाडीत बसवलेल्या अवस्थेतला आकडा देऊ लागले, आणि सगळ्यांचे आकडे एकदम खाली आले. १९९७ च्या कॉर्व्हेटमधलं एलएस-१ इंजिन या नव्या पद्धतीने ३४५ होतं. कागदावर जवळपास सारखंच, रस्त्यावर मात्र जमीन-अस्मानाचा फरक. आज जुन्या गाड्यांत लोक सर्रास एलएस घराण्यातलं इंजिन घालतात. काकांनाही तसा सल्ला मिळाला. ते म्हणाले, "इंजिन राहील. ते पॉन्टियॅकचंच राहील." पॉन्टियॅक हे नावच २०१० मध्ये बंद झालं, हे लक्षात घेतलं की त्या वाक्याचं वजन कळतं.

पण मग कार्ब्युरेटर का काढले? कारण ज्या पेट्रोलसाठी ते बनले ते पेट्रोलच राहिलेलं नाही. या इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.७५ ला १. एवढ्या दाबात पेट्रोल अवेळी पेटू नये म्हणून त्यात शिसं असायचं. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्याच प्रयोगशाळेत थॉमस मिजलीने हा उपाय शोधला आणि पुढची पन्नास वर्षं जगाने ते शिसं श्वासातून घेतलं. १९७१ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन उतरवलं, १९७५ पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, १९९६ पासून अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांना शिशाचं पेट्रोल पूर्ण बंद. ते गेलं हे बरंच झालं. पण आता पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबराच्या नळ्या खातं, हवेतलं पाणी ओढून घेतं आणि हिवाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये घाण करून ठेवतं.

जुन्या रचनेत पंप इंजिनवर असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो. त्यात उन्हाळा आणि तापलेलं इंजिन, की पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि गाडी सिग्नलला बंद पडते. इंजेक्शनमध्ये विजेचा पंप टाकीतच बुडवतात आणि तो मागून ढकलतो. जुना दाब पाच-सहा पीएसआय, नवा ५८, म्हणजे जवळजवळ दहापट. त्यामुळे नुसती वरची वस्तू बदलून भागत नाही. टाकी नवी, आत पडदे घातलेली, नाहीतर वळणावर पेट्रोल एका बाजूला जाऊन पंप कोरडा पडतो. नळ्या नव्या. जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी दुसरी नळी. तीन कार्ब्युरेटरचं मॅनिफोल्ड काढून एकाचं, आणि एक्झॉस्टमध्ये एक सेन्सर, जो धूर हुंगून पेट्रोल कमी-जास्त करायला सांगतो.

आणि इंजेक्शन ही तरी नवी गोष्ट कुठे आहे? १९५७ च्या कॉर्व्हेटवर यांत्रिक इंजेक्शन होतं. १९५८ मध्ये क्रायस्लरने बेंडिक्स कंपनीचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनही बसवलं. त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग बॉनेटखालची उष्णता आणि हादरे सोसेनात. शेवटी त्या मोजक्या गाड्यांपैकी बहुतेकींवरून ते काढून कार्ब्युरेटर बसवून दिले. उलटी सुधारणा! बेंडिक्सचे हक्क पुढे जर्मनीच्या बॉशकडे गेले आणि १९६७ मध्ये ते फोक्सवॅगनमधून परत आले.

गिअरबॉक्सचं गणित साधं आहे. जुन्या चार गिअरमधला चौथा म्हणजे १ ला १. मागचं डिफरन्शिअल ३.९० चं. चाकाचा व्यास २६ इंच धरला तर ताशी ७० मैलांना इंजिन ३,५०० च्या वर फिरतं. हायवेवर तासभर गेलं की कानात गुणगुण उरते. काकांनी घातलेला गिअरबॉक्स १९८० च्या दशकात ब्यूइक ग्रँड नॅशनलमध्ये होता त्या जातीचा. शेवटचा गिअर ०.६७ चा, म्हणजे त्याच वेगाला इंजिन २,४०० च्या आतबाहेर. त्यासाठी खालचा आडवा आधार मागे सरकवला, प्रॉपेलर शाफ्टचं माप पुन्हा घेतलं, क्लचचं पेडल काढून ठेवलं.

पण खरी परीक्षा एका तारेने घेतली. या गिअरबॉक्सला कॉम्प्युटर नाही. पाय किती दाबलाय हे त्याला ॲक्सिलरेटरकडून आलेली एक तार सांगते आणि त्यावर आतला तेलाचा दाब ठरतो. तार ढिली असेल तर दाब कमी, आतले क्लच घसरतात आणि थोडक्या मैलांत सगळं जळून जातं. नव्या इंजेक्शनवर ही तार अडकवायची जागा वेगळी. पहिल्या फेरीला आम्ही गल्लीच्या टोकालाही पोचलो नव्हतो. गाडीने गिअर फारच लवकर बदलला. काकांनी ताबडतोब इंजिन बंद केलं. म्हणाले, "आता ढकलायची." मी आणि त्यांची नात, दोघांनी दीड टनाची ती गाडी घरापर्यंत ढकलली. कंस बदलून तार पुन्हा लावायला दोन दिवस गेले. बदल करायचा तर असा जीव मुठीत धरून करावा लागतो, हे त्या दिवशी कळलं.

हे सगळं बघताना मला बाबांची फियाट आठवत होती. थंडीत सकाळी चोक ओढून, कान लावून, बरोबर क्षणी चोक आत ढकलायची ती कला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींनीही म्हातारपणी सीएनजीचे संच पोटात घेतले आणि त्यावर कित्येक वर्षं धावल्या. शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये उतरली. 'मूळची नाही' म्हणून कुणी त्यांना हात दाखवायचं थांबलं नाही. भारतात २०२५ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं, तेव्हा जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांसमोर आता काकांचाच प्रश्न आहे. नळ्या बदलायच्या, की गाडी झाकून ठेवायची?

मला वाटतं, काकांचा मित्र अगदीच चूक नव्हता. तीन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवणं हे कानाचं काम आहे. ते येणारी माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत, आणि जी गोष्ट गाडीवरून निघते ती हातातूनही जाते. पण काकांनी एक केलं. मूळच्या सांगाड्याला एकही नवं भोक पाडलं नाही. काढलेली प्रत्येक वस्तू तेलाच्या फडक्यात गुंडाळून, पेन्सिलीने चिठ्ठी लिहून फळीवर ठेवली. कोणता बोल्ट कुठला, तेसुद्धा. ज्याला १९६४ परत हवं असेल त्याने एका हिवाळ्यात परत आणावं. मला हीच इतिहास जपायची प्रामाणिक रीत वाटते. बदल करा, पण पुढच्याला परत फिरता येईल अशी वाट ठेवा.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटहून पॉन्टियॅककडे जाणाऱ्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५ पासून. काका जाताना स्वतः चालवत गेले. येताना नात चालवत होती, काका शेजारी आणि मी मागे. घरी आल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं आणि वाकून जरा वेळ तसेच उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "पेट्रोलचा वास येत नाही."

मग बॉनेट हळूच लावलं, किल्ली नातीच्या हातात दिली आणि जेवायला आत गेले.