वावरात राबणं आणि वावरात रमणं

 

उस्मानपुऱ्यातून क्रांती चौकाकडे गेलं की शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा दिसतो. आपल्या शहराच्या इतिहासात घोडा भेटतो तो असा, लढाईचा. मलिक अंबरानं १६१० साली खडकीला शहर वसवलं, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. त्याच्या फौजेतही मराठा घोडेस्वारांचं बळ मोठं होतं. पण घोड्याचा आणखी एक इतिहास आहे. खचलेल्या माणसाला उभं करणाऱ्या घोड्याचा. आज तो सांगणार आहे, आणि त्याच्यासोबत ससे, गाय, झाडं आणि माती यांचाही. हल्ली मोठ्या शहरांत घोड्यांच्या आणि निसर्गाच्या सहवासातून मनावर उपचार होतात असं आपण ऐकतो. ही गोष्ट नवी नाही, आणि तिच्या मुळाशी दोन बायका आहेत.

पहिली हॅना मिल्स. इंग्लंडमधली एक विधवा. मनाच्या आजारामुळे तिला १७९० साली यॉर्क शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. तिच्या माणसांना तिला भेटू दिलं नाही, आणि काही आठवड्यांतच ती तिथं गेली. त्या काळी अशा रुग्णांना साखळदंडानं बांधून ठेवत. तिच्या मरणानं हळहळलेल्या विल्यम ट्यूक नावाच्या चहाच्या व्यापाऱ्यानं १७९६ साली वेगळं घर उघडलं. तिथं मोकळी जमीन होती, बाग होती. अंगणात ससे आणि कोंबड्या सोडलेल्या होत्या. रुग्णानं त्यांना चारा घालावा, जवळ घ्यावं. ज्याला सगळे घाबरतात, त्याच्या हातातून ससा बिनधास्त खातो, हे त्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं म्हणून.

दुसरी डेन्मार्कची लिझ हार्टेल. ती घोडेस्वार होती. १९४४ साली, पोटात बाळ असताना, तिला पोलिओ झाला. बाळ सुखरूप जन्मलं, पण तिचे पाय गुडघ्याखाली कायमचे लुळे पडले. तरी ती पुन्हा घोड्यावर बसली. चढायला आणि उतरायला तिला माणूस लागे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये घोड्याच्या कसरतीची ती स्पर्धा पहिल्यांदाच बायकांना खुली झाली, आणि तिथं पुरुषांच्या बरोबरीनं उतरून तिनं रौप्यपदक जिंकलं. १९५६ साली पुन्हा जिंकलं. तिचं पाहून युरोप-अमेरिकेत अपंगांसाठी, मुलांसाठी आणि पुढं मनानं खचलेल्यांसाठीही घोड्यांची केंद्रं निघाली.

घोडाच का? एक तर घोडा चालतो तेव्हा बसणाऱ्याची कंबर आपण चालताना हलते तशी हलते, म्हणून पाय गेलेल्याला व्यायाम होतो. दुसरं, घोडा मूळचा भित्रा, सावध प्राणी. आपण चिडलेलो, घाबरलेलो असलो तर त्याला ते लगेच कळतं आणि तो मागं सरतो. त्याला जवळ आणायचं तर आधी आपल्याला शांत व्हावं लागतं. म्हणून मनाच्या उपचारात बरेचदा स्वारी नसतेच. खरारा करायचा, चारा द्यायचा, लगाम धरून सोबत चालायचं. घोडा तुम्हाला जात विचारत नाही, कर्ज विचारत नाही, नवरा कशानं गेला हेही विचारत नाही.

आता तुमच्या मनात जो प्रश्न आला असेल, तो आपल्या बैठकांमध्येही निघतो. 'ताई, आम्ही तर जन्मभर मातीत आणि जनावरांतच आहोत. कापूस वेचतो, खुरपतो, म्हशीचं शेण काढतो. मग आमचं मन का बरं होत नाही?' प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तरही इतिहासातच आहे.

इंग्रजांनी १८५८ साली आपल्याकडे वेड्यांच्या इस्पितळांसाठी कायदा केला. त्या इस्पितळांतही बागा होत्या. रुग्णांकडून बागकाम, विणकाम करून घेत. सांगताना ते औषध म्हणून सांगत, पण त्या कामातून इस्पितळाचा किती खर्च निघाला याचाही हिशेब ठेवत. माती तीच, काम तेच. पण माणूस तिथं उपचार घेणारा उरला नाही, फुकटचा मजूर झाला.

याच्या शेजारी आनंदवन ठेवून बघा. १९५१ साली बाबा आमटे आणि साधनाताई चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर राहायला गेले. सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. त्यांनी विहीर खणली, भाजी पिकवली. सुरुवातीला त्यांच्या हातची भाजी घ्यायला लोक कचरत. कष्ट आपल्याइतकेच होते, कदाचित जास्तच. पण विहीर त्यांची होती, पीक त्यांचं होतं आणि शेजारी राबणारा माणूस त्यांना माणूस समजत होता. औषधं बंद करून माती दिली नव्हती, हेही ध्यानात ठेवा. बाबांनी कुष्ठरोगाच्या उपचाराचं रीतसर शिक्षण घेतलं होतं.

तिसरी गोष्ट अमेरिकेतली. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या काही रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसायची, काहींच्या खिडकीतून नुसती विटांची भिंत. १९८४ साली छापलेल्या अभ्यासात दिसलं, की झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामक औषधं कमी लागली. त्यांनी काम काहीच केलं नव्हतं. नुसतं बघितलं होतं.

तेव्हा मैत्रिणींनो, वावरात राबणं वेगळं आणि वावरात रमणं वेगळं. सक्ती, घाई आणि डोक्यावर कर्ज असेल तर माती थकवतेच. थोडी उसंत, मनाची मर्जी आणि सोबतीला माणूस असेल तर तीच माती हलकं करते.

आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. आळंदीच्या वारीत बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे येतात. त्यातल्या माउलींच्या घोड्यावर कुणी बसत नाही. रिंगणात तो धावून गेला की त्याच्या टापांखालची माती बाया कपाळाला लावतात आणि मग फुगड्या खेळतात. वर्षभर वाकलेली कंबर तिथं नाचते. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्याला आंघोळ घालतात, शिंगं रंगवतात. त्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक मात्र आपल्याकडेच असतो. बैलाला एक दिवस मिळतो, बाईला कोणता?

घोडा आणायला आपल्याकडे पैसे नाहीत, आणि त्याची गरजही नाही. पुढच्या महिन्यात एक बैठक झाडाखाली घ्या. हजेरी, बचत, परतफेड झाली की वही मिटा आणि अर्धा तास नुसत्या बसा. जिला बोलायचं ती बोलेल. जिला नाही बोलायचं, तिला शेळीचं पिल्लू मांडीवर घेऊन गप्प बसू द्या. उपदेश करू नका.

आणि एखादीची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगण्यात राम नाही असं ती म्हणत असेल, तर झाडावर आणि जनावरावर भागवू नका. तिला एकटी सोडू नका. जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे. दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. हा नंबर आजच गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.