हिरवा चहा, जपानी सेंद्रिय

चहाच्या झुडपाची (कॅमेलिया सायनेन्सिस) कोवळी पाने खुडल्याबरोबर वाफवून, चोळून व वाळवून केलेला चहा. वाफेने पानातील विकरे निकामी होतात, त्यामुळे पान काळवंडत नाही. चीनमध्ये हिरवा चहा बहुधा कढईत भाजतात, म्हणून त्याला खमंग वास येतो. जपानी चहाला ओल्या हिरवळीचा आणि काहीसा समुद्री शेवाळाचा वास असतो. अकोला-अमरावतीच्या टपऱ्यांवर उकळणारा दाणेदार चहा याच झुडपाचा. गवती चहाचा मात्र या झुडपाशी काही संबंध नाही.

एइसाई या बौद्ध भिक्षूने ११९१ मध्ये चीनहून चहाचे बी जपानात नेले. वाफवून चोळण्याची ‘सेंचा’ची रीत जपानातील उजीजवळच्या नागातानी सोएन याने १७३८ मध्ये बसवली. जपानातील बहुतेक मळ्यांत आज ‘याबुकिता’ हे वाण आहे. ते शिझुओका येथे १९०८ मध्ये निवडले गेले.

या चहाची चव मुळात नत्र आणि ऊन यांच्या हिशेबावर ठरते. मुळांत तयार होणारे थिअनिन हे अमिनो आम्ल गोडसर, तोंडात रेंगाळणारी चव देते. पानावर ऊन पडले की थिअनिनातून तुरट कॅटेचिने बनतात. म्हणून ‘ग्योकुरो’ या सावलीतल्या चहाचे मळे खुडणीआधी सुमारे वीस दिवस झाकून ठेवतात. थिअनिन वाढावे यासाठी जपानी शेतकरी झाडाला नत्रखत भरपूर देत आले. सेंद्रिय शेतीत हा मार्ग बंद होतो. पेंड, कंपोस्ट यांचे नत्र हळूहळू सुटते, त्यामुळे सेंद्रिय सेंचात गोडवा बेताचा, पण चव स्वच्छ आणि नंतरचा तुरटपणा मोकळा असतो. याला उणीव मानण्याचे कारण नाही. ती वेगळी चव आहे. प्रमाणपत्रासाठी पहिल्या खुडणीपूर्वी तीन वर्षे जमिनीत रासायनिक खत वा कीटकनाशक पडलेले चालत नाही. शिझुओकात गायरानातले गवत कापून चहाच्या ओळींत पसरण्याची जुनी पद्धत आहे, तिला जागतिक वारसा शेतीपद्धती म्हणून २०१३ मध्ये मान्यता मिळाली. अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांची आच्छादनाची शिकवण ज्यांनी शेतात वापरली, त्यांना यातले तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही.

वऱ्हाडात हे झुडूप रुजत नाही. त्याला सामू ४.५ ते ५.५ असलेली आम्लधर्मी, निचऱ्याची जमीन आणि वर्षभर ओलावा लागतो. येथील काळी कापसाची जमीन विम्लधर्मी, पावसाळ्यात पाणी धरणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. चिखलदऱ्याच्या थंड उतारांवर कॉफी होते, एवढाच या भागातला जवळचा दाखला.

वऱ्हाडात चहा बिघडतो तो बहुधा पाण्यामुळे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचे पाणी क्षारयुक्त असते; त्यात सेंचा पिवळट-तपकिरी उतरतो आणि त्याचा गोडवा दबतो. जपानातले पाणी मृदू असते, आणि हा चहा त्याच पाण्यावर घडलेला आहे. म्हणून बोअरचे पाणी टाळावे. अकोल्यात काटेपूर्णा, अमरावतीत ऊर्ध्व वर्धा धरणाचे नळाचे पाणी त्याहून बरे. फिल्टरचे घेतल्यास उत्तम. पाणी उकळून ७० ते ८० अंशांपर्यंत निवू द्यावे. दोन लहान पेल्यांना, म्हणजे सुमारे १५० मिलिलिटर पाण्याला, ४ ते ५ ग्रॅम पाने घालून मिनिटभर झाकावे व शेवटच्या थेंबापर्यंत गाळावे. भांड्यात राहिलेल्या पाण्याने पुढचा घाणा कडू होतो. तीच पाने आणखी दोनदा चालतात. दूध-साखर घालू नये.

पाकीट फोडल्यावर हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवावे. अकोल्याच्या मे महिन्यात फळीवर ठेवलेला चहा लवकर फिका पडतो. डबा बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर पानांवर दव बसते. उन्हाळ्यासाठी थंड पाण्याची रीत सोयीची: माठातील गार, गोड पाण्यात पाने घालून तीन-चार तास ठेवावीत. थंड पाण्यात कॅटेचिने आणि कॅफीन कमी उतरतात, थिअनिन मात्र सहज उतरते, त्यामुळे सेंद्रिय पानातला बेताचा गोडवाही स्पष्ट लागतो.