लग्नाचा कागद

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक नवविवाहिता आपल्या वडिलांसह कार्यालयात आली. पती ऑस्ट्रेलियात नोकरीस. लग्न आमच्याच वेदीसमोर, आमच्याच हातून लागलेले. तिकडे जाण्यासाठी तिला व्हिसाचा अर्ज भरायचा होता व त्यासाठी विवाह-नोंदवहीचा उतारा हवा होता. आम्ही नोंदवही उघडली आणि आमच्याच हस्ताक्षरातील चूक आमच्यापुढे उभी राहिली. स्नानसंस्काराच्या वेळी ठेवलेले तिचे नाव एक, पासपोर्टावरचे थोडे निराळे, आणि लग्नाच्या दिवशीच्या धांदलीत आम्ही लिहून बसलो होतो ते तिसरेच. सारी आळी तिला ज्या नावाने हाक मारते ते. वडील समजुतीने म्हणाले, ‘‘फादर, एवढ्याशा नावानं काय होतंय? सगळं गाव लग्नाला होतं!’’

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. शेकडो वर्षे लग्नाचा पुरावा म्हणजे गावच होते. ज्यांनी मांडवात जेवण केले, ज्यांनी वधूला सासरी जाताना पाहिले, त्यांच्या स्मरणात ते लग्न नोंदले जाई. परंतु गावाचे स्मरण गावाच्या वेशीपर्यंतच चालते. वेस ओलांडली, समुद्र ओलांडला, की कागद बोलू लागतो. हा कागद मुळात कशासाठी जन्मला आणि पुढे त्याचा उपयोग कोणकोणत्या कामी झाला, याचा विचार त्या दिवसापासून आमच्या मनात घोळत आहे.

ख्रिस्तसभेत विवाह-नोंदवही सक्तीची झाली ती ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी काढलेल्या ‘तामेत्सी’ या आदेशाने. तोपर्यंत स्त्री-पुरुषांनी एकमेकांना दिलेली संमती पुरेशी मानली जाई. साक्षीदार नसले तरी तो विवाह विवाहच. त्यामुळे गुप्त विवाह होत, आणि एखादा पुरुष पहिल्या पत्नीला सोडून उजळमाथ्याने दुसरीशी लग्न लावी. पहिलीने तक्रार करावी तर पुरावा कोठला? म्हणून परिषदेने ठरविले की, विवाहाची सूचना चर्चमध्ये तीन वेळा जाहीर व्हावी, विवाह धर्मगुरूसमोर व दोन-तीन साक्षीदारांसमोर व्हावा, आणि वधूवरांची व साक्षीदारांची नावे, दिवस व ठिकाण धर्मगुरूने एका वहीत लिहून ती वही जपून ठेवावी. म्हणजे ही वही जन्मली ती फसविल्या गेलेल्या जोडीदाराच्या रक्षणासाठी. आपल्या देशात १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने तिला सरकारी बळही दिले. आमच्या वहीतील नोंदींची विवरणपत्रे दर तिमाहीला सरकारी निबंधकाकडे जावीत असा त्यात दंडक आहे. साहजिकच आमची ती चूकही त्या तिमाहीत सरकारदरबारी पोहोचली होती!

याच कागदाचे दुसरे रूप पाहण्यासाठी आपणांस दक्षिण आफ्रिकेत जावे लागेल.

मळ्यांवर व खाणींत काम करण्यासाठी नेलेले मजूर आणि त्यांच्यामागून गेलेले व्यापारी असा मोठा भारतीय समाज तेथे वसला होता. त्यांत कोकणी मुसलमान होते, थोडे महाराष्ट्रीय हिंदूही होते. १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले तेथे गेले असता जोहान्सबर्गच्या सभेत ते मराठीतून बोलले ते या मंडळींसाठी, आणि त्यांच्या भाषणाचे हिंदुस्थानी भाषांतर गांधीजींनी केले. हे लोक अधूनमधून मायदेशी येत, लग्न करीत, परत जात आणि काही काळाने पत्नीला बोलावून घेत. पोर्ट एलिझाबेथ येथील हसन इसप या गृहस्थाने असेच केले. हिंदुस्थानात त्याने बाई मरियम हिच्याशी मुस्लिम पद्धतीने निकाह लावला होता. तिला घेऊन तो आला तेव्हा बंदरावरील अधिकाऱ्यांनी तिला उतरू देण्यास नकार दिला. प्रकरण केप प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती माल्कम सर्ल यांनी निकाल दिला की, ज्या धर्मात पुरुषाला एकाहून अधिक पत्नी करण्याची मुभा आहे त्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह या देशाच्या कायद्याच्या दृष्टीने विवाह नव्हे. सबब बाई मरियम ही कायद्यातील ‘पत्नी’ नव्हे, आणि तिला प्रवेश नाही.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. हसन इसपने दोन बायका केल्या होत्या असा आरोप कोणीच केला नव्हता. त्याला एकच पत्नी होती. पण त्याचा धर्म दुसरीला परवानगी देतो, एवढ्यावरून पहिलीचे पत्नीपण पुसले गेले. हा नियम हिंदूंनाही लागू होत होता. ख्रिस्ती विधीने लागलेले आणि नोंदले गेलेले विवाह तेवढे सुरक्षित राहिले. तेथील हजारो हिंदू-मुसलमान घरांत त्या रात्री दिवे लागले असतील ते कोणत्या मनःस्थितीत? गांधीजींनी या निकालाचा जो अर्थ लावला तो स्पष्ट होता: आमच्या स्त्रिया आता कायद्याने रखेल्या ठरल्या आणि आमची मुले वारसाहक्काला मुकली. निकालाच्या शब्दांपेक्षा हा अर्थ अधिक व्यापक होता असे काही अभ्यासक म्हणतात, आणि कायद्याच्या काटेकोर भाषेत त्यांचे खरेही असेल. पण ज्या घरातील स्त्रीला ‘तू पत्नी नाहीस’ असे ऐकावे लागले, त्या घराला ही काटेकोर भाषा काय कामाची?

सरकारशी केलेला पत्रव्यवहार निष्फळ ठरला. तोपर्यंत सत्याग्रहात स्त्रियांना तुरुंगात पाठवायचे नाही असा संकेत होता, तो आता मोडला. १५ सप्टेंबर १९१३ रोजी फिनिक्स आश्रमातून सोळा जणांची एक तुकडी परवान्यावाचून ट्रान्सवालची सीमा ओलांडण्यास निघाली. तीत कस्तुरबा होत्या. २३ सप्टेंबरला त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्या सुटून आल्या तेव्हा त्यांचे शरीर खंगून गेले होते. जोहान्सबर्गची वल्लीअम्मा ही तर पुरती वीसचीही नव्हती. तुरुंगातून ती ताप घेऊनच बाहेर आली आणि २२ फेब्रुवारी १९१४ रोजी वारली.

टॉल्स्टॉय फार्मवरील तामीळ स्त्रियांच्या तुकडीने न्यूकॅसल येथे जाऊन कोळशाच्या खाणींतील मजुरांना संपाची हाक दिली. करारमुक्त मजुरावर लादलेला तीन पौंडांचा कर रद्द व्हावा ही मागणीही आता विवाहाच्या मागणीला जोडली गेली होती. मजूर घरेदारे सोडून बाहेर पडले. आता एवढ्या लोकांनी राहायचे कोठे? न्यूकॅसलमध्ये लाझरस नावाचे एक तामीळ ख्रिस्ती कुटुंब होते. जमिनीचा लहानसा तुकडा आणि दोन-तीन खोल्यांचे घर, एवढीच त्यांची दौलत. त्यांनी ते घर सत्याग्रहींसाठी उघडले. ‘दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास’ हे पुस्तक गांधीजींनी आपल्या पुण्याजवळच्या येरवडा तुरुंगात असताना सांगून लिहवून घ्यायला आरंभ केला. त्यात या कुटुंबाचा त्यांनी आदराने उल्लेख केला आहे. घराची धर्मशाळा झाली आणि सरकारचा व खाणमालकांचा रोष अंगावर आला. लाझरस ख्रिस्ती होते. न्यायमूर्ती सर्ल यांच्या निकालाने ख्रिस्ती विवाहाला धक्का लागला नव्हता. दार लावून घेतले असते तरी कोणी बोल लावला नसता. १९१३ सालच्या या हकिकतीतील हे पान आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. आपल्या समाजात ते फारसे कोणास ठाऊक नाही, याची खंतही वाटते.

६ नोव्हेंबरला चार्ल्सटाउनहून २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले यांचा मोर्चा सीमेकडे निघाला. पुढची हकिकत सर्वश्रुत आहे. १९१४च्या मध्याला ‘इंडियन्स रिलीफ ॲक्ट’ मंजूर झाला. तीन पौंडांचा कर गेला. एका पुरुषाची एक पत्नी, मग विवाह कोणत्याही भारतीय धर्माच्या रीतीने झालेला असो, कायद्याने पत्नी ठरली आणि तिला व तिच्या मुलांना येण्याचा हक्क मिळाला. भारतीय धर्मांच्या पुरोहितांना विवाह-अधिकारी नेमण्याची सोय झाली. म्हणजे जी नोंदवही आजवर केवळ पाद्र्याच्या टेबलावर होती, ती आता मौलवीच्या व भटजीच्या टेबलावरही आली. अंगठ्याचा ठसा असलेला रहिवासाचा दाखला हा प्रवेशाच्या हक्काचा पुरेसा पुरावा मानला जाऊ लागला. १८ जुलै १९१४ रोजी गांधीजींनी ती भूमी सोडली.

कागद मिळाला की संशय संपेल, असे त्या पिढीला वाटले असल्यास नवल नाही. तसे झाले नाही. ब्रिटनमध्ये १९६९ सालच्या कायद्याने पत्नीला व मुलांना तिकडे निघण्यापूर्वीच आपल्या देशातील ब्रिटिश कचेरीतून प्रवेश-दाखला घेणे भाग पडले. वाङ्निश्चय झालेल्या स्त्रीला मात्र तीन महिन्यांत लग्न करण्याच्या अटीवर त्यावाचूनही जाता येई. या फरकातून एक लाजिरवाणी गोष्ट घडली. २४ जानेवारी १९७९ रोजी हीथ्रो विमानतळावर एक पस्तीस वर्षांची भारतीय शिक्षिका विवाहासाठी उतरली. ही खरोखर अविवाहित आहे, की पत्नी असून दाखला चुकवीत आहे, याचा निर्णय करण्यासाठी अधिकाऱ्यांनी तिच्या देहाची तपासणी करविली. कागदावर विश्वास नाही, शब्दावर विश्वास नाही. मग उरले काय? वर्तमानपत्राने हे प्रकरण उघडकीस आणले आणि ती पद्धत बंद करण्यात आली. धर्मग्रामाच्या त्रैमासिकात हे लिहावे की न लिहावे, याचा आम्ही विचार केला. ज्यांच्या मुली विमानात बसतात त्यांनी हे वाचलेले बरे.

त्यानंतर १९८३मध्ये आला ‘मूळ उद्देशा’चा नियम. लग्न खरे आहे एवढे दाखवून भागेना. ब्रिटनमध्ये येणे हा या लग्नाचा मूळ उद्देश नव्हता, हे अर्जदाराने सिद्ध करायचे. जे मनात नव्हते ते नव्हते, हे कोणत्या कागदाने सिद्ध करावे? लग्नानंतर संसार ब्रिटनमध्ये थाटायचे ठरले आहे, असे वराने प्रामाणिकपणे सांगितले तर तेच त्याच्याविरुद्ध जाई. माणसे एकमेकांना लिहिलेली पत्रे अधिकाऱ्यांपुढे ठेवू लागली. हा नियम १९९७च्या जूनमध्ये रद्द झाला. चौदा वर्षे तो टिकला.

दरम्यान स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २८ मे १९८५ रोजी एक निकाल दिला. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या पुरुषाला पत्नी आणता येते, पण तशाच स्त्रीला पती आणणे अवघड केले जाते, हा लिंगभेद आहे, असे न्यायालय म्हणाले. तक्रार करणाऱ्या तीन स्त्रियांपैकी श्रीमती कबालेस मूळच्या फिलिपाइन्सच्या, परिचारिका. त्यांच्या विवाहविधीत कायदेशीर उणीव आहे, तेव्हा तो विवाहच नव्हे, असा युक्तिवाद सरकारने केला होता. न्यायालयाने उत्तर दिले ते असे की, या दोघांनी विवाहविधी केला, आपण विवाहित आहोत असे ती प्रामाणिकपणे मानत होती आणि त्यांना एकत्र संसार करायचा होता. कौटुंबिक जीवनाचा आदर मागण्यास एवढे पुरे. बाई मरियमच्या वेळी असा एक परिच्छेद कोणी लिहिला असता तर! पण या विजयाचा शेवट मासलेवाईक झाला. ब्रिटिश सरकारने भेदभाव दूर केला, तो त्याच वर्षी त्याच कडक कसोट्या बायकांनाही लावून.

आता आमच्या धर्मग्रामातील त्या मुलीकडे वळू. ऑस्ट्रेलियाचे नियम पती-पत्नीचे नाते चार अंगांनी तपासतात: पैशाचे व्यवहार, घराची व्यवस्था, समाजातील ओळख आणि परस्परांशी बांधिलकी. आमचा उतारा हा त्या फायलीतील केवळ एक कागद. लग्नानंतर दीड महिन्यातच पती परत गेलेला. सामायिक बँक-खाते कोठून असणार? घर तर तिच्या सासूचे. तेव्हा तिने फोनवरील संभाषणांच्या नोंदी काढल्या, पतीने पाठविलेल्या पैशांच्या पावत्या जमविल्या, आणि ओळखीच्या माणसांकडून निवेदने लिहून घेतली. ‘बांधिलकी’ या सदरात काय लिहावे, असे तिने आम्हांला विचारले. विवाह-तयारीच्या वर्गात आम्ही या विषयावर तासभर बोलतो. त्या दिवशी मात्र आम्हांला चटकन उत्तर सुचले नाही.

नोंदवहीतील खाडाखोड आम्ही करीत नाही. धर्मप्रांताच्या कार्यालयाला कळवून, तिचा स्नानसंस्काराचा उतारा पडताळून, समासात दुरुस्ती लिहिली आणि तीखाली तारीख घालून सही केली. निबंधकाकडेही तसे पत्र धाडले. या सगळ्यात सात आठवडे गेले. ते सात आठवडे आमच्या एका निष्काळजी ओळीचे होते, आणि ते मोजले त्या दोघांनी.

‘समाजातील ओळख’ या सदराखाली तिच्या वडिलांनी हौसेने एक छायाचित्र जोडले आहे. मांडवात पंगत बसली आहे, वाढपी वाकले आहेत, वधूवर हात जोडून उभे आहेत, आणि एका कोपऱ्यात तोंडात घास असलेले आम्हीही दिसतो. मागच्या बाजूस त्यांनी पंगतीतील प्रत्येकाचे नाव डावीकडून उजवीकडे, पासपोर्टावर असते तसे पूर्ण, लिहून काढले आहे. अर्ज गेला, उत्तर अद्याप आलेले नाही.