डिचोलीचा बिशप व देशी पाद्रीकीचा प्रश्न

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती समाजाचा इतिहास बहुधा गोव्याच्या इतिहासाची पुरवणी म्हणून लिहिला गेला आहे. धर्मांतरें, देवळांचा विध्वंस आणि इन्क्विझिशन यांची चर्चा विपुल झाली. ती अवश्यच होती. परंतु बाप्तिस्मा घेतलेल्या घरांतील पुढच्या पिढीच्या मुलांस शिकविलें कोणीं, आणि त्यांच्यापैकीं एखाद्यास स्वतः पाद्री होऊन आपल्या गांवच्या मुलांस मार्ग दाखवितां येत असे कीं नाहीं, हा प्रश्न मागें पडला. त्याचें उत्तर गोव्याच्या राजधानींत शोधण्यापेक्षां तिच्या सीमेपलीकडे, विजापूरकरांच्या मुलुखांत, डिचोलीस शोधावें, असें आमचें मत आहे.

आरंभ चांगला होता. इ. स. १५४१ सालीं गोव्यांत ‘सांता फे’ या नांवानें एक संघ व त्याचें विद्यालय निघालें. पूर्वेकडील निरनिराळ्या जातींच्या मुलांस शिकवून त्यांतून उपदेशक व पाद्री तयार करावे, हा मूळ हेतु. हेंच विद्यालय पुढें जेजुइटांच्या हातीं जाऊन सेंट पॉल कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आलें, आणि हिंदुस्थानांतील पहिला छापखाना १५५६ सालीं तेथेंच सुरू झाला. परंतु हेतु एक आणि वहिवाट दुसरी. पेद्रो लुइश या मलबारकडील ब्राह्मणास १५७५ सालीं आपल्यांत घेतल्यावर जेजुइटांनीं हिंदी लोकांस आपलें दार जवळजवळ बंदच केलें. इतर कांहीं देशी तरुणांस साधी पाद्रीकी मिळे. अधिकार मात्र फिरंग्यांकडेच राही.

मुलांच्या शिक्षणाकडे कोणीच लक्ष दिलें नाहीं असें मात्र नव्हे. १५७९ सालीं गोव्यास आलेला इंग्रज जेजुइट फादर स्टीफन्स यानें मराठींत सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचिलें व तें १६१६ सालीं राशोल येथें रोमन अक्षरांत छापिलें गेलें. ग्रंथाचा प्रसंग त्यानें आरंभींच सांगितला आहे. साष्टीच्या देवळांत दुपारच्या वेळीं मुलें धर्मोपदेशाचा पाठ म्हणत असतां एक ब्राह्मण तेथें आला. मुलांपुरता पाठ ठीक, पण जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, त्यांच्या जागीं वाचावयास दुसरें कांहीं कां देत नाहीं, असें त्यानें विचारिलें. या विचारण्यांतूनच पुराण जन्मास आलें. मागणी देशी माणसाची होती, भाषा त्याची होती, ओवीही त्याचीच होती. फक्त सांगणारा पाद्री परदेशी होता. तरुणास पोथी मिळाली. ती सांगण्याचा अधिकार मिळाला नाहीं.

तो अधिकार मागणारा पहिला मोठा पुरुष म्हणजे मातेउश द कास्त्रो. हा दिवाडी बेटावरील ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यांतला. बारदेशांत रेइश मागुश येथें फ्रान्सिस्कनांपाशीं त्याचें शिक्षण झालें. पाद्रीकीसाठीं त्यानें अर्ज केला असतां आर्चबिशप ख्रिस्तोव्हांव द सा यानें ती नाकारिली. सामान्य तरुण येथेंच थांबला असता. हा खुष्कीच्या मार्गानें रोमला गेला. तेथें पोर्तुगीज राजाच्या हक्कास न जुमानतां धर्मप्रसार स्वतःच्या हातीं घ्यावा म्हणून पोपनें १६२२ सालीं ‘प्रोपागांदा फीदे’ ही संस्था काढली होती, आणि तिचा चिटणीस इंगोली हा देशी पाद्र्यांचा कैवारी होता. कास्त्रोस रोमेंत विद्या मिळाली, दीक्षा मिळाली, आणि १६३७ सालीं बिशपपद मिळालें. त्याच्याकडे विजापूरकरांच्या राज्याचा प्रांत सोंपविण्यांत आला.

तो परत आला तेव्हां गोव्यानें त्याचें बिशपपद मानलें नाहीं. त्यानें देशी तरुणांस दिलेल्या दीक्षेसही हरकत घेतली. तेव्हां तो आदिलशाही हद्दींत डिचोलीस जाऊन राहिला. हें डिचोली आजच्या दोडामार्ग तालुक्यास लागूनच आहे. पोर्तुगीज मुलुखांत ज्यांस वाव नव्हता अशा देशी पाद्र्यांस मुसलमान सुलतानाच्या छत्राखालीं ठाव मिळाला, ही गोष्ट या किनाऱ्याच्या इतिहासांत नमूद करण्याजोगी आहे. १६५३ सालीं त्यानें ‘ब्राह्मणांचा आरसा’ या अर्थाच्या नांवाचें एक जळजळीत लिखाण करून आपल्या ज्ञातिबांधवांस फिरंग्यांच्या वर्चस्वाविरुद्ध उभें राहण्यास सांगितलें. विजापूरकरांशीं व वेंगुर्ल्याच्या वखारींतील डचांशीं त्याचें संधान असल्याचा आरोप पोर्तुगीजांनीं केला. त्याच्या स्वभावांत तिखटपणा पुष्कळ होता, आणि जातीचा अभिमानही सुटला नव्हता. हें त्याच्या चाहत्यांनींही मान्य केलें पाहिजे. तथापि डिचोलीची गादी त्याच्याबरोबर संपली नाहीं. पुढें कुश्तोदियु द पिन्यु हा दुसरा गोमंतकीय बिशप त्याच जागीं बसला.

गोव्यांत इकडे २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानें हुकूम काढून तीन वर्षांच्या आंत देशी भाषा सोडण्यास फर्माविलें. म्हणजे जी पोथी तरुणांस दिली होती तिच्या भाषेवरच घाव घातला. पण सुमारें त्याच काळांत गोमंतकीय पाद्र्यांनीं गोव्यांतच आपला स्वतःचा संघ उभा केला. त्यांतील बाणावलीचा जुझे वाझ १६८७ सालीं सिलोनांत पोहोंचला व डचांच्या अमलांत लपूनछपून कॅथोलिकांची सेवा करूं लागला. मागणी दडपली गेली, पण मेली नाहीं. २००५ सालीं पुणें धर्मप्रांतांतून सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत निघाला व त्याचें आसन सावंतवाडीस झालें. तेव्हां या किनाऱ्यावर देशी बिशप ही वादाची बाब उरलेली नव्हती.

कास्त्रोचीं पत्रें रोमच्या दफ्तरांत जपलेलीं आहेत, आणि त्यांच्या आधारें घेस्क्विएर यांचें फ्रेंच चरित्र १९३७ सालीं प्रसिद्ध झालें. याचा अर्थ असा कीं आपल्या या शेजाऱ्याची हकीकत आपण रोमकडून ऐकतों. स्टीफन्सच्या पुराणाचेंही तेंच झालें. त्याच्या १६१६, १६४९ व १६५४ च्या छापील आवृत्त्यांपैकीं एकही प्रत हातीं लागली नाहीं. १९०७ सालीं मंगळुरास तें छापिलें गेलें तें घरोघरच्या हस्तलिखितांवरून, आणि त्याची देवनागरी पोथी डॉ. ॲबट यांस सांपडली ती लंडनमध्यें. सावंतवाडी, वेंगुर्लें, मालवण येथील जुन्या ख्रिस्ती घरांच्या पेट्यांत मोडी, पोर्तुगीज वा रोमन अक्षरांतील कागद असल्यास संग्राहकांनीं ते रद्दींत जाण्यापूर्वीं पाहावे. एखाद्या मुलाची दीक्षेची नोंद, एखाद्या देशी पाद्र्यानें गांवकऱ्यांस लिहिलेलें पत्र, पुराणाचीं दहा सुटीं पानें, एवढेंही मिळालें तरी डिचोलीच्या दाराशीं आलेले तरुण कोण होते, हें त्यांच्याच अक्षरांत वाचतां येईल.