बाळंतिणीचे मन

आपल्याकडे बाळंतिणीचे कोडकौतुक काही कमी होत नाही. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सव्वा महिना खोलीबाहेर पाऊल नाही. पाचवीच्या रात्री तर घरदार जागे असते. पण हे सारे शरीराचे झाले. तिच्या मनाचे काय? घरात पाळणा हलतो आहे आणि तीच भिंतीकडे तोंड करून पडली आहे, असे झाले की आपण म्हणतो, "नाटकं करते," नाहीतर म्हणतो, "बाहेरचं काही लागलं असेल."

हे दुखणे आजकालचे नव्हे, बरं का. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नावावर असलेल्या ग्रंथात एका बाईची हकिकत आहे. तिला जुळ्या मुली झाल्या. पहिल्या दिवसापासूनच ताप होता, झोप उडाली, पुढे ती बरळू लागली आणि सतराव्या दिवशी गेली. तापाचा भ्रम आणि मनाचा आजार यांत त्या काळी कोण फरक करणार? पण बाळंतिणीची झोप उडते ही खूण त्या वैद्याने टिपून ठेवली होती.

याहून बोलकी गोष्ट इंग्लंडमधल्या लिन गावच्या मार्जरी केंपची. गावच्या नगराध्यक्षाची ही मुलगी. इसवी सन 1393च्या सुमारास तिला पहिले मूल झाले. बाळंतपण कठीण गेले. जिवाची आशा सुटली तेव्हा मनातले एक जुने पाप सांगून टाकावे म्हणून तिने धर्मगुरूला बोलावले, तर तिचे बोलणे पुरे होण्याआधीच त्याने तिला झिडकारले. मग तिचे भान सुटले. तिला भुते दिसू लागली. तिने स्वतःचा हात इतका चावला की वण जन्मभर राहिला. घरच्यांनी तिला बांधून ठेवले. हे अर्धे वर्ष, आठ आठवडे आणि वर काही दिवस चालले, असा नेमका हिशेब तिने स्वतःच पुढे आपल्या आत्मकथेत दिला आहे. तिला लिहिता येत नव्हते, म्हणून तिने सांगितले आणि दुसऱ्यांनी लिहून घेतले.

एके दिवशी ख्रिस्त आपल्या बिछान्याशी येऊन बसला असे तिला दिसले, आणि ती शुद्धीवर आली. शुद्धीवर येताच तिने काय मागावे? कोठीघराच्या किल्ल्या! दासी म्हणाल्या, "देऊ नका, ही सारं वाटून टाकील." नवऱ्याने मात्र दया येऊन किल्ल्या देवविल्या. आपल्या घरातही किल्ल्या कुणाच्या कमरेला, यावरून बाईचा मान ठरत आला आहे. तेव्हा त्या किल्ल्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मार्जरीचा आजार फार तीव्र होता. तसा तो हजारांत एखाद-दोघींनाच होतो. नेहमी आढळते ती मुकी उदासी. फ्रान्समध्ये डॉ. मार्से यांनी 1858 साली गरोदर बायका व बाळंतिणी यांच्या मनोविकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, पण साध्या उदासीकडे लक्ष जायला आणखी शंभर वर्षे लागली. लंडनचे डॉ. ब्राइस पिट यांनी 305 बायकांची पाहणी करून 1968 साली सांगितले की दहांत एकीला ती होते. एडिंबरोत 1987 साली दहा साध्या प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली: हसू येते का, उगाच धास्ती वाटते का, रडू येते का, असे प्रश्न.

हीच प्रश्नावली पुढे गोव्यात कोकणीतून वापरली गेली. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांची पाहणी 2002 साली प्रसिद्ध झाली. तिथे सहा ते आठ आठवड्यांनी शंभरांतल्या तेवीस बाळंतिणी उदासीने आजारी आढळल्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही बऱ्या नव्हत्या. बहुतेकींचे मन गरोदरपणीच बिघडलेले होते. कारणे? गरिबी, नवऱ्याशी न पटणे, आणि झालेले मूल मुलगा की मुलगी, हेसुद्धा! मुलगी झाली म्हणून बारशाला तोंडे उतरतात, त्याचा घाव कुठे बसतो ते इथे आकड्यांत दिसते.

तेव्हा ओळखायचे कसे? तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे भरून येणे हे पुष्कळजणींना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही रडू थांबत नसेल, बाळ निजले तरी तिला झोप नसेल, अन्न गोड लागत नसेल, "मी आई व्हायला लायक नाही" असे ती म्हणत असेल, तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगावे. बोलते करून आणि गरज पडली तर औषधाने हा आजार बरा होतो. ती भलतेसलते दिसते-ऐकू येते म्हणाली, किंवा जिवाचे अथवा बाळाचे बरेवाईट करण्याचे बोलली, तर तिला एकटी सोडू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. 14416 या क्रमांकावर 'टेलिमानस'ची सरकारी सल्लासेवाही मिळते.

आणि बाप? 2010 साली अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा बाळ झालेल्या दहा बापांतला एक उदासीत सापडला. तो रडत नाही. चिडतो, घरी उशिरा येतो, पारावर गप्प बसून राहतो. त्याला कुणी काही विचारीत नाही.