पिंपरीची बुरशी आणि जीवसृष्टीच्या पायऱ्या

पिंपरी म्हटले की मोटारींचे आणि यंत्रांचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. परंतु या उद्योगनगरीच्या आरंभकाळी येथे जे कारखाने उभे राहिले, त्यांपैकी एकात लोखंड घडविले जात नव्हते; बुरशी पोसली जात होती. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे तिला साहाय्य लाभले, आणि १९५५ मध्ये पिंपरीस पेनिसिलीन तयार होऊ लागले.

या औषधाचा जन्म एका प्रश्नातून झाला. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जंतू वाढविण्याच्या एका बशीत बुरशी आलेली दिसली. बुरशीभोवतीचे जंतू मात्र विरून गेले होते. बशी फेकून न देता त्यांनी विचारले, असे का व्हावे? बुरशीतून जंतुनाशक द्रव्य पाझरत असावे, हा झाला तर्क. तर्क म्हणजे ज्ञान नव्हे. तो कसोटीस लागावा लागतो. १९४० च्या मे महिन्यात ऑक्सफर्ड येथे फ्लोरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले आणि त्यांतील चौघांनाच पेनिसिलीन दिले. सकाळपर्यंत औषध न दिलेले चारही मेले. औषध दिलेले जिवंत होते. ते चार बिनऔषधाचे उंदीर नसते, तर वाचलेले औषधाने वाचले की आपोआप, हे कोणी सांगावे?

आता पुढचा प्रश्न. जे द्रव्य जंतूला मारते, ते रोग्याला का मारीत नाही? याचे उत्तर जीवसृष्टीच्या रचनेत आहे. रेणूंची पेशी होते, पेशींच्या ऊती, ऊतींचे अवयव, अवयवांचे शरीर, आणि अनेक शरीरांचा समूह. जंतूचे सारे शरीर एकाच पेशीचे असते व तिच्याभोवती भक्कम भिंत असते. पेनिसिलीन ती भिंत नीट बांधू देत नाही. वाढता जंतू मग आतील दाबाने फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही!

बुरशीला वाढण्यास हवा लागते, म्हणून मोठ्या टाक्यांतील पोषक द्रावणात हवा सतत खेळवावी लागते. पण ती जंतुरहित हवी. काही जंतू पेनिसिलीनच मोडून टाकणारे द्रव्य बनवितात. तसले जंतू शिरले तर टाकीभर श्रम वाया.

१९६१ साली पिंपरीच्या प्रयोगशाळेतून डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध पुढे आणले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याला पिंपरीवरून ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नाव मिळाले. बुरशीसारखे धागे काढणारा हा जीव पेशीच्या रचनेने मात्र जंतूंच्या कुळातला. दिसण्यावरून कुळ ठरवू नये, ते असे! आणि बुरशीला मारणे जंतूला मारण्याहून अवघड. कारण बुरशीची पेशी आपल्या पेशीची जवळची नातलग. दोहोंत केंद्रक असते. फरक शोधावयाचा तर रेणूच्या पायरीवर उतरावे लागते. बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल असते, आपल्या पटलात कोलेस्टेरॉल. हॅमायसिनसारखी औषधे त्या पहिल्याला धरतात. हा फरक थोडा, म्हणून अशी औषधे आपल्या पेशींनाही काही प्रमाणात बाधतात आणि फार जपून वापरावी लागतात.

शेवटची पायरी समूहाची. औषध अपुरे घेतले की दुबळे जंतू मरतात आणि तगडे उरतात. पुढची प्रजा त्यांचीच. एखादा जंतू औषधाला सरावतो असे नव्हे, जंतूंचा समाजच पालटतो. थोड्या मात्रेचा हा धोका फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच आपल्या नोबेल व्याख्यानात सांगून ठेवला होता. ताप आला की स्वतःच्या मनाने गोळ्या घेणे आणि बरे वाटताच वैद्यास न विचारता त्या सोडणे, या आपल्या घरोघरीच्या सवयी आहेत. एका घरात पोसलेला तगडा जंतू शेजाऱ्याच्या घरी जाण्यास परवानगी मागत नाही. पेशीच्या पायरीवर मिळविलेला विजय समाजाच्या पायरीवर गमवावयाचा की राखावयाचा, हे प्रयोगशाळेइतकेच आपल्याही हाती आहे.